आधी माणूस मोजायचा, मग खुर्ची

पुण्यात भवानी पेठेत, टिंबर मार्केटजवळ आमचं वर्कशॉप आहे. वडिलांनी ते रिक्षा आणि टेम्पोच्या सीट बनवायला सुरू केलं. फोम, रेक्झिन, शिलाई मशीन आणि हातातलं कसब, एवढ्यावर घर चाललं. आज मी आणि माझा धाकटा भाऊ त्याच जागेतून ऑफिसं सांभाळतो. खुर्च्यांची दुरुस्ती करतो, टेबल, खुर्ची आणि स्क्रीन माणसाच्या मापात बसवून देतो आणि त्या जागेची स्वच्छताही बघतो. लोक अजूनही 'खुर्चीवाले' म्हणूनच फोन करतात आणि ते नाव आम्हाला आवडतं. पण खुर्ची पोचवली, बिल दिलं आणि सुटलो, असं आम्ही धरत नाही. त्या खुर्चीत दिवसभर बसणारा माणूस संध्याकाळी धड उठतो की नाही, ते आमचं काम आहे.

हिंजवडीचं आयटी पार्क झालं, मग मगरपट्टा, मग खराडी. त्यांच्या आसपास बाणेर-बालेवाडीपर्यंत लहान लहान ऑफिसं उभी राहिली आणि चाकाच्या फिरत्या खुर्च्या शहरभर झाल्या. दोन-तीन वर्षांत त्या मोडायलाही लागल्या. वडिलांच्या ओळखीतल्या एका टेम्पोवाल्याने अशाच मोडक्या खुर्च्या आमच्या दारात आणून टाकल्या आणि विचारलं, 'या होतील का?' भावाने एकेक खुर्ची उलटी करून खोलली आणि तिथून हा धंदा सुरू झाला.

सगळ्यात जास्त तक्रार एकच: 'हायड्रॉलिक बसलंय.' सीटखालच्या त्या नळीत दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. सील गेलं की खुर्ची हळूहळू खाली बसते. ती नळी उघडून दुरुस्त करायची नसते, सरळ बदलायची असते. कोणी उघडतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका, आत दाब असतो. बाकी चाकं, फाइव्ह स्टार बेस (म्हणजे चाकांवरचा पाच दांड्यांचा पाया), हँडल, मेकॅनिझम, सगळं बदलता येतं. चांगल्या सांगाड्याची खुर्ची नव्या खुर्चीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात पुन्हा उभी राहते. म्हणून चांगल्या सांगाड्याच्या खुर्च्या भंगारात गेल्या की आम्हाला अजून वाईट वाटतं.

खुर्च्या खोलता खोलता आम्हाला माणसं दिसायला लागली. ढीगभर खुर्च्यांचा फोम फक्त पुढच्या कडेला दबलेला असायचा. मागचा अर्धा भाग नवा कोरा, पाठीची जाळी तर जशीच्या तशी. म्हणजे या खुर्चीत वर्षानुवर्षं कोणी पाठ टेकलीच नव्हती. काहींच्या बेसच्या दांड्यांवर चपलांचे घासल्याचे पट्टे होते. वडील रिक्षाची सीट बघून सांगायचे की ड्रायव्हर कुठल्या कुशीला कलून बसतो. तीच नजर इथे कामी आली. खुर्चीत काही दोष नव्हता, तरी माणूस कडेला का बसतो? हे कळायला ऑफिसात जाऊन बघावं लागणार होतं.

पहिलं ऑफिस नारायण पेठेतल्या एका सीए सरांचं. वाड्याच्या वरच्या मजल्यावर, शहाबादी फरशी, सागवानी टेबलं, आणि सप्टेंबर महिना, म्हणजे टॅक्स ऑडिटची धांदल. तिथे हिशेब बघणाऱ्या एक ताई होत्या, उंची जेमतेम पाच फूट. मी त्यांना खुर्चीत बसवून टेपने मापं घेतली. पाय जमिनीला नीट टेकायचे तर सीट साडेपंधरा इंचांवर हवी होती. तशा बसल्या तर कोपर जमिनीपासून चोवीस इंचांवर येत होतं. टेबल होतं तीस इंच. म्हणजे सहा इंचांचा फरक. तो भरून काढायला त्यांनी खुर्ची पूर्ण वर घेतली होती. मग पाय लोंबकळायचे, म्हणून त्या कडेला सरकून पावलं खुर्चीच्या दांड्यांवर टेकवायच्या. दबलेल्या फोमचा उलगडा तिथे झाला.

सरळ उपाय टेबलाचे पाय कापण्याचा होता. सर म्हणाले, 'टेबल आजोबांचं आहे, त्याला करवत लावायची नाही.' त्यांचं बरोबर होतं. मग टेबलाखाली सरकता कीबोर्ड ट्रे बसवला, तो साडेसव्वीस इंचांवर आला. खुर्ची साडेअठरावर आणली आणि पायाखाली तीन इंचांचा उतरता लाकडी पाट दिला. कोपर ट्रेच्या जरा वर आलं, खांदे खाली आले, पाठ मागे टेकली. आठवड्याने फोन करून विचारलं, 'ताई, मान कशी आहे?' त्या म्हणाल्या, 'मानेचं नंतर सांगते, आधी हे ऐका, संध्याकाळी चपला घट्ट होत नाहीत आता.' मांडीखाली सीटची कड रुतत होती आणि दिवसभर पाय सुजत होते. हे त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण ऑफिसात बसून पाय सुजतात हे सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

बाजारात टेबल बहुतेक एकाच उंचीचं मिळतं, साधारण एकोणतीस-तीस इंच. शिंप्याने एकच ब्लाउज शिवून अख्ख्या गल्लीला द्यावा, तसं हे आहे. बायकांना त्याचा जाच जास्त होतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक बायकांच्या मापाला ते टेबल उंच पडतं. म्हणून आता आम्ही आधी माणसं मोजतो आणि मगच कोटेशन देतो. गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं जागा आहे का, कोपर टेबलाच्या पातळीला येतं का, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली आहे का, स्क्रीन हातभर लांब आहे का, हे बघायला प्रत्येकाला दहा मिनिटं पुरतात. ज्यांना दुहेरी नंबरचा चष्मा आहे त्यांची स्क्रीन आणखी खाली घ्यावी लागते, नाहीतर खालच्या काचेतून बघायला ते हनुवटी वर करतात आणि मान धरते. लॅपटॉपवालेही खूप भेटतात. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे एक नीट केलं की दुसरं बिघडतं. वेगळा कीबोर्ड-माउस घ्यायचा आणि लॅपटॉप वर उचलायचा. स्टँड नसेल तर ए-फोर कागदाच्या दोन रीम, म्हणजे पाचशे कागदांचे दोन गठ्ठे, खाली ठेवा, चार इंच मिळतात. त्यासाठी आमच्याकडून काही विकत घ्यायची गरज नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो.

नव्या खुर्च्यांच्या जाहिरातींबद्दल लोक फार विचारतात. 'ऑर्थोपेडिक' असं लिहिलेलं स्टिकर बघून खुर्ची घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा आहे त्या खुर्चीखाली हात घाला. बहुतेक खुर्च्यांना तिथे एक दांडी असते, ती पाठीचं लॉक काढते. शेजारी एक गोल नॉब असतो, तो फिरवला की खुर्चीची पाठ सैल किंवा घट्ट होते. बहुतेक ऑफिसांत हे लॉक खुर्ची आली त्या दिवसापासून लागलेलं असतं. ते काढलं की माणूस वाचताना, फोनवर बोलताना मागे रेलतो आणि कंबरेवरचा भार हलका होतो. ताठ काटकोनात दिवसभर बसायचं, ही शाळेतली शिस्त पाठीला मानवत नाही. तसंच उभ्याने काम करायच्या टेबलाचं. दिवसभर उभं राहूनही पाय आणि कंबर धरतेच. अर्ध्या-पाऊण तासाने जागेवरून उठणं याला पर्याय नाही. डोळ्यांसाठी वीस-वीस-वीसचा नियम आम्ही सगळ्यांना शिकवतो: वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद बघायचं. स्क्रीन बघताना पापणी कमी लवते, म्हणून डोळे कोरडे पडतात.

रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते, हातातून कप सुटतो, असं कोणी सांगितलं तर आम्ही पाट-ट्रे काढत बसत नाही, आधी डॉक्टरकडे पाठवतो. आम्ही कारागीर आहोत, ती आमची हद्द नाही.

स्वच्छतेच्या कामात आम्ही खुर्चीतूनच शिरलो. चाक अडकलं म्हणून खुर्ची यायची आणि चाकात केसांची, दोऱ्यांची गुंडाळी निघायची. अशी खुर्ची सरकवायला माणूस रोज कंबरेतून जोर लावतो. पावसाळ्यात कापडी खुर्च्यांच्या पाठीवर बुरशीचे ठिपके दिसायचे. तेव्हा भावाने फोम धुवायचं, पाणी ओढून घ्यायचं मशीन आणलं. हे काम आम्ही फेब्रुवारी ते मे याच दिवसांत करतो. जुलैत कितीही मोठी ऑर्डर आली तरी नाही म्हणतो, कारण फोम दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो.

मग झाडू-पोछ्याकडे लक्ष गेलं. ऑफिसं फिनेलच्या वासाला स्वच्छता समजतात. एकच फडका आधी बेसिनला, मग पँट्रीच्या ओट्याला, मग टेबलांना. आम्ही रंग ठरवून दिले: लाल फडका फक्त टॉयलेटला, पिवळा बेसिनला, हिरवा पँट्रीला, निळा टेबल-खुर्च्यांना. लिहिता-वाचता न येणाऱ्या मावशीही पहिल्याच दिवसापासून हे बिनचूक करतात. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं अॅसिड कधी एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि छाती भरते, हे तर आम्ही बाटल्या हातात घेऊन दाखवतो.

आणि इथे मला मालकवर्गाशी थोडं भांडावंसं वाटतं. साहेबांसाठी जाळीची खुर्ची येते, पण फरशी पुसणाऱ्या मावशी उकिडव्या बसून अख्खा हॉल पुसतात आणि पंधरा लिटरची बादली उचलून जिन्याने वर आणतात. पंधरा लिटर म्हणजे पंधरा किलो, बादलीचं वजन वेगळं. ऑफिसची कर्मचारी तीही आहे. आमच्या करारात आता लांब दांड्याचा मॉप आणि पिळायची चाकाची बादली धरलेलीच असते. ती वस्तू काढून दर कमी करा असं कोणी म्हटलं तर ते काम आम्ही घेत नाही. अशी काही कामं गेली, जाऊ देत.

हवेचं म्हणाल तर साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. हे बऱ्याच ऑफिसांना माहीतच नसतं. आम्ही कार्बन डायऑक्साइडचं मीटर घेऊन जातो. बाहेर तो 420 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) आसपास असतो, आत 1000 च्या खाली असावा असं साधारण धरतात. लहान बंद मीटिंग रूममध्ये आठ माणसं बसली की तासाभरात आकडा 2000 पार करताना आम्ही पाहिला आहे. दुपारी सगळे जांभया देतात त्याचा सगळा दोष जेवणाला नको. एक एक्झॉस्ट फॅन, दोन मीटिंगांच्या मध्ये उघडी खिडकी, आणि दर पंधरवड्याला एसीची फिल्टरं नळाखाली धुणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. नव्या एसीत सुरुवातीलाच 24 अंश ठेवण्याचा नियम 2020 पासून आहे, तेच तापमान ठेवा. 18 वर लावून शाली पांघरून बसलेली ऑफिसं बघितली की मला बसणाऱ्यांची काळजी वाटते, खांदे आखडतात. उजेड टेबलावर 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं माप) हवा आणि खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा समोर नको, बाजूला हवी.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. थोड्याच दिवसांत ऑफिसांनी आपल्या खुर्च्या कर्मचाऱ्यांच्या घरी पाठवायला सुरुवात केली आणि टेम्पो पुन्हा फिरू लागला. पलंगावर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांना आम्ही व्हिडिओ कॉलवर उशा, रीम, स्टुलं लावायला सांगत होतो. त्या काळात एक झालं: पाठ दुखते हे लोक मोकळेपणाने बोलायला लागले. नंतर ऑफिसं उघडली तेव्हा साचून राहिलेल्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून धुणं आणि नळ बराच वेळ वाहू देणं, हेच पहिलं काम होतं.

मालक विचारतात, 'हे सगळं कायद्यात आहे का?' महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्वच्छता, पुरेसा उजेड, खेळती हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ही जबाबदारी मालकावरच टाकली आहे. टेबल किती उंच असावं हे कोणी विचारायला येत नाही. ते आपणच बघायचं.

आता आम्ही पुण्याबाहेर निघालो आहोत. सासवड, शिरूर, बारामतीकडच्या पतसंस्था, सेवा केंद्रं, बाजार समित्यांची ऑफिसं, सगळीकडे कॉम्प्युटर आले, पण ऑपरेटर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. त्यांना महागडी खुर्ची विकण्यात अर्थ नाही. भाऊ सध्या दोन उंचीचा घडीचा पाट आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणारी, कंबरेला टेकू देणारी गादी तयार करतोय. गादीचा पहिला नमुना सासवडच्या एका पतसंस्थेत वापरायला दिला. तिथल्या कॅशियर ताईंनी कळवलं की टेकू दोन बोटं खाली हवा. भावाने तो उसवून पुन्हा शिवायला घेतला आहे. सोमवारी तो घेऊन आम्ही परत सासवडला जातोय.