दहा की चार?

"दहा पेट्या," माझ्या सहकारी ताई फोनवर म्हणाल्या. पलीकडे चीनमधल्या शेनझेन शहरात ऐकू गेलं "चार."

मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या राजभाषेत, चार म्हणजे 'स', दहा म्हणजे 'ष'. चारचा सूर उतरता, दहाचा चढता. हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत 'ष' नाहीच, त्यामुळे तिथे वाढलेल्या या ताईंच्या तोंडी दोन्ही 'स'. घाईत सूरही निसटला.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्यात दहा म्हणजे सप्. ओठ मिटतात, शब्द संपतो. मँडरिनमध्ये तोंड उघडंच राहतं गं, शब्द संपला असं वाटतच नाही."

दिवसभर मी मनात 'सप्' म्हणत होते. खरंच ओठ मिटतात.

चिनी वर्तमानपत्र त्या भराभर वाचतात, फक्त प्रत्येक अक्षर मनात कँटोनीजमध्ये वाजतं. हाँगकाँगच्या शाळांत मँडरिन मुख्य विषय झाली १९९८ला. तोवर त्यांची शाळा संपली होती. आता पन्नाशीत, ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून दोनदा क्लास. लोकांना वाटतं, चिनीच तर आहे, त्यात काय शिकायचं!

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना षटकोनातला 'ष' दाखवायला गेले, तर माझ्याही तोंडून 'श'च आला. मग दोघींनी मिळून जीभ मागे वळवली.

तुमच्यापैकी कोणी 'ष' अजून नीट म्हणतं का?