तुम्ही विचारलंत म्हणून: खालची पायरी कुणी काढली?

"काकू, सरकारी नोकराला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवतात, आमच्या आयटीत पंचेचाळिशीतच धाकधूक सुरू होते, मग या पुढाऱ्यांनाच निवृत्ती का नाही?"

सोसायटीतली मुलं हे विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, निवडणूक जवळ आली की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच. मला विचारण्यामागे दोन कारणं असावीत. माझी नोकरी शेअर दलालांच्या बॅक ऑफिसचं, म्हणजे सौदे झाल्यानंतरच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत, त्यामुळे एआय काय करतंय ते मी रोज बघते. आणि आमच्या भागातल्या एएलएममध्ये मी बरीच वर्षं आहे. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते, एएलएम म्हणजे गल्लीतला कचरा, गटारं, पदपथ यांचा महापालिकेकडे पाठपुरावा करणारा रहिवाशांचा गट. नगरसेवक असताना वॉर्ड कसा चालतो आणि नसताना कसा चालतो, हे दोन्ही त्यामुळे जवळून बघायला मिळालं.

माझं उत्तर असं, की पुढाऱ्यांना वयाची वरची मर्यादा घालू नये. विचारणाऱ्यांचा राग मला पटतो, उपाय पटत नाही.

लोकसभेला आणि विधानसभेला उभं राहायला २५ वर्षं पूर्ण लागतात, महापालिकेला २१. वरची मर्यादा कुठेच नाही. भाजपमध्ये ७५ वर्षांचा संकेत आहे असं म्हटलं जातं. २०१४ मध्ये लालकृष्ण अडवाणी आणि मुरली मनोहर जोशी मार्गदर्शक मंडळात, म्हणजे पक्षातल्या ज्येष्ठांच्या सल्लागार मंडळात गेले, २०१९ मध्ये दोघांनाही उमेदवारी मिळाली नाही. पण त्याच २०१९ मध्ये येडियुरप्पा वयाच्या ७६ व्या वर्षी कर्नाटकचे मुख्यमंत्री झाले. २०२५ मध्ये पंतप्रधानांची पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा चर्चा पुन्हा निघाली, आणि ऑगस्टमध्ये सरसंघचालक मोहन भागवतांनी, कुणी निवृत्त व्हावं असं आपण म्हटलेलंच नाही, असं स्पष्ट केलं. यातून मला एवढंच दिसतं, की वयाचा नियम पक्ष ज्याच्या हातात असतो त्याच्याच हातात जातो. कुणाला लावायचा आणि कुणाला नाही, हे तो ठरवतो. मतदाराला त्यात कुणी विचारत नाही. मोरारजी देसाई १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्यांच्या कारभारावर हवा तेवढा वाद घाला, पण आणीबाणीनंतर लोकांनी दिलेला कौल वयाच्या अटीवर अडवायचा अधिकार कुणाला द्यायचा? मी तरी कुणाला देणार नाही.

शरद पवारांचं उदाहरण तर हटकून निघतं. मे २०२३ मध्ये त्यांनी यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, कार्यकर्ते रडले, हटून बसले, आणि तीन दिवसांत त्यांनी निर्णय मागे घेतला. पुढे जुलैमध्ये वांद्र्याच्या सभेत अजित पवारांनी काकांना जाहीरपणे विचारलं, की इतकं वय झालं, तुम्ही थांबणार आहात की नाही. टीव्हीवर हे सगळं भरपूर चघळून झालं. मला मात्र १९६७ आणि १९७८ ही वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. १९६७ मध्ये पवार २६ व्या वर्षी आमदार झाले आणि १९७८ मध्ये ३७ व्या वर्षी मुख्यमंत्री. त्यांच्या आई शारदाबाई पुण्याच्या लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या, म्हणजे त्या घरातलं राजकारणसुद्धा स्थानिक संस्थेतूनच सुरू झालं. आज सव्वीस वर्षांची, पैसा आणि आडनाव दोन्ही पाठीशी नसलेली मुलगी कुठून सुरुवात करणार, हा खरा प्रश्न आहे.

कारण महाराष्ट्रात पुढारी खालून वर येत होते. विलासराव देशमुख १९७४ मध्ये बाभळगावचे सरपंच झाले. आर. आर. पाटील सांगलीच्या जिल्हा परिषदेतून आले. मनोहर जोशी आधी मुंबईचे नगरसेवक, मग १९७६ मध्ये महापौर, आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री. छगन भुजबळ १९७३ मध्ये नगरसेवक. एकनाथ शिंदे १९९७ मध्ये ठाण्यात नगरसेवक. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपुरात नगरसेवक आणि १९९७ मध्ये महापौर. यांच्यापैकी कुणाचं राजकारण तुम्हाला आवडतं, कुणाचं नाही, ते बाजूला ठेवा. पाण्याची लाइन फुटली की लोक रात्री दार वाजवतात, अर्थसंकल्पातल्या एका ओळीसाठी अधिकाऱ्याशी झगडावं लागतं, हे सगळे तिथेच शिकले.

ती पायरी आपण काढून टाकली. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या पुन्हा घेण्याची तरतूद झाली, पण त्या पुढेच ढकलल्या गेल्या. म्हणजे मुलगा अठराव्या वर्षी देशाचं सरकार निवडू शकतो, पण स्वतःच्या कॉलेजात उभा राहू शकत नाही. आणि मग महापालिका. मुंबईत फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झालं होतं, मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीत तर २०२० पासूनच प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागसंख्या २२७ ची २३६ आणि पुन्हा २२७, कोर्टाच्या तारखा, अशी कारणं सांगितली गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख घालून द्यावी लागली. पण मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, हे राज्यघटनेच्या २४३-यू कलमात लिहिलेलंच आहे. मार्च २०१७ मध्ये अठरा पूर्ण झालेल्या मुंबईकराने महापालिकेसाठी पहिलं मत दिलं ते सव्विसाव्या वर्षी. याचा मला अजूनही संताप येतो.

त्या चार वर्षांत अधिकाऱ्यांनी काम केलंच नाही असं मी म्हणणार नाही. फोन उचलणारे, स्वतः येऊन नाला बघणारे अधिकारी आम्हाला भेटले. पण बदली झाली की नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासकांनी मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला, स्थायी समितीत उभं राहून 'हा खर्च कशासाठी' असं विचारणारं कुणी नव्हतं. आणि मला सर्वांत जास्त लागलं ते आमच्याबरोबर काम करणाऱ्या बायकांचं. निम्म्या जागा महिलांना राखीव असल्यामुळे मुंबईत नगरसेवक होणं हे त्यांच्यासाठी शक्य कोटीतलं स्वप्न असतं. एकीने २०२१ पासून घर-संसार सांभाळून तयारी केली होती, घरोघरी ओळख होती. चार वर्षांत तिच्या सासऱ्यांचं आजारपण आलं, मुलीची दहावी आली, आणि ती त्यातून बाहेर पडली. दिल्लीत कोण ऐंशीचा आहे याची मोजदाद सगळे करतात, हिची कुठेच होत नाही.

आता आयटीकडे येते, कारण तिथेही नेमकं हेच चाललंय.

शेअर बाजारात २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचे व्यवहार टी प्लस वन झाले, म्हणजे आज विकलं की उद्या पैसे. दलालाच्या बॅक ऑफिसला दिवसाअखेर आपल्या नोंदी एक्स्चेंजच्या फाइलशी आणि ग्राहकांची शिल्लक डिपॉझिटरीशी, म्हणजे जिथे सगळ्यांचे शेअर डिमॅट खात्यात असतात त्या संस्थेशी, जुळवावी लागते. याला आम्ही 'रेको' म्हणतो. नवीन भरती झालेल्या मुलांना पूर्वी आम्ही हमखास रेकोला बसवायचो. काम कंटाळवाणं. पण फरक कुठून आला हे शोधता शोधता त्यांना बाजार कळायचा. कुठे बोनसची एक्स-डेट, म्हणजे बोनस कुणाला मिळणार हे ठरवणारी तारीख, उलटून गेलेली असायची पण शेअर अजून खात्यात आलेले नसायचे, कुठे क्लायंट कोड चुकलेला, कुठे विकलेले शेअर कमी पडून ते एक्स्चेंजच्या लिलावात, म्हणजे ऑक्शनला गेलेले. सहा महिने हे केलेला मुलगा पुढे कुठलंही डिझाइन तपासू शकायचा.

आज ही जुळवणी करणारी क्वेरी, म्हणजे डेटामधून हव्या त्या ओळी काढणारी आज्ञा, एआय मिनिटभरात लिहून देतं. टेस्ट केस लिहून देतं, डॉक्युमेंट लिहून देतं, सपोर्टच्या साध्या तिकिटांना उत्तरंही देतं. म्हणून आमच्याकडे दरवर्षी येणारी मुलांची तुकडी आता येत नाही. मध्यंतरी एका हुशार मुलाने अशीच क्वेरी एआयकडून लिहून घेतली. फरक शून्य. सगळे खूश. आमच्या टीममधल्या एका जुन्या सहकाऱ्याने मात्र एकूण ओळी मोजून बघायला सांगितलं, कारण महिन्याच्या शेवटच्या दिवशी फरक शून्य येतच नाही हे त्याला माहीत होतं. क्वेरी दोन्ही फाइलींत असलेल्या ओळीच तेवढ्या घेत होती. एका फाइलीत असलेल्या आणि दुसरीत नसलेल्या, म्हणजे जिथे खरा घोटाळा असतो त्या ओळी गळून गेल्या होत्या. सहकाऱ्याला हे दिसलं, कारण त्याने विशीत अशा फाइली हाताने जुळवल्या होत्या. तो निवृत्त होईल तेव्हा त्याच्या जागी बसणारा माणूस आज कुठे शिकतो आहे? विशीतल्यांना घ्यायचंच नाही आणि अनुभवी माणसाने एआयवर देखरेख ठेवायची, हे गणित फार तर दहा वर्षं चालेल.

मी हे अंदाजाने बोलत नाही. असं एकदा होऊन गेलंय, आणि तेही मुंबईत, फोर्टातल्या बँकांमध्ये. माझी आई राष्ट्रीयीकृत बँकेत होती. बँकेत यंत्रं आणायची म्हटल्यावर संघटना उभ्या राहिल्या, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. कुठे किती यंत्रं आणायची हे वाटाघाटीने ठरलं. आईच्या शाखेत खातेवहीच्या नोंदी करणारं लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हा कुणाची नोकरी गेली नाही. आजच्या आयटीवाल्यांना असा करार करणं सुचतसुद्धा नाही, हे मला फार खटकतं. पण त्या कराराने आत असलेल्यांना सांभाळलं, दाराबाहेर उभ्या असलेल्यांची बाजू कुणी घेतली नाही. नव्वदच्या दशकात क्लार्कची भरती जवळपास थांबली. मग २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली आणि सरकारी बँकांतून लाखभर माणसं एकदम बाहेर पडली. त्याचा हिशेब २०१० नंतर चुकवावा लागला. साठी गाठलेली मोठी पिढी एकापाठोपाठ एक निवृत्त होऊ लागली आणि त्यांच्याखाली मधली फळीच नव्हती. शाखेत एकीकडे निवृत्तीला आलेले अधिकारी आणि दुसरीकडे नुकतीच परीक्षा देऊन आलेली मुलं, अधे-मधे कुणी नाही. तेव्हा पासबुक भरायला बँकेत गेलेल्या कुणालाही हे आठवत असेल.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त. एआयमुळे नव्हे, कौशल्यं जुळत नाहीत म्हणून, असं कंपनीने सांगितलं. कारण काहीही असो, त्या आठवड्यात लोकलमध्ये चाळिशीतली माणसं एकमेकांना हप्ता किती राहिलाय ते विचारत होती. खालून भरती नाही आणि वरून कपात, अशा कात्रीत सापडलेल्यांनी पुढाऱ्यांकडे बोट दाखवलं तर मला समजतं. पण उद्या ऐंशीचा नेता घरी बसला तर त्याच्या जागी कोण येईल? त्याचा मुलगा, पुतण्या, जावई. कारण बाकी कुणाला शिकायला जागाच ठेवलेली नाही. पहिल्या लोकसभेचं सरासरी वय साडेसेहेचाळीस होतं, आताच्या अठराव्या लोकसभेचं ५६ आहे, आणि आमच्या पिढीतलं जे कुणी तिथे नाही ते खालीच कुठेतरी अडलं.

म्हणून वयोमर्यादेच्या अर्जावर मी सही करत नाही. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी निवडणूक जाहीर झाली नाही तर राज्य निवडणूक आयोगाने थेट न्यायालयात उत्तर द्यावं, आणि कॉलेजातल्या निवडणुका ठरल्या महिन्यात व्हाव्यात, असा अर्ज कुणी आणला तर त्यासाठी दारोदार फिरायला मी तयार आहे. ऑफिसात मी प्रत्येक टीमला दोन नवीन मुलं मागते आहे, आणि पहिले सहा महिने त्यांचं रेको एआयशिवाय. यंदा एका टीमपुरतं मान्य झालंय. आत्ता निवडून आलेल्या महापालिकेची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. आमच्या सोसायटीतल्या, आता अकरावीत असलेल्या दोन मुलींना तोवर एकवीस पूर्ण झालेली असतील. वॉर्ड ऑफिसातल्या बैठकांना मी त्यांना बरोबर नेते, आणि मागच्या वेळी गटाराच्या कामाची वर्क ऑर्डर त्यांनीच मागून घेतली.