शेडच्या दारातला ब्रश

आमच्या डुकरांच्या शेडच्या दारात जंतू मारणाऱ्या औषधाच्या पाण्याचा टब आहे, येणारा प्रत्येक जण बूट बुडवतो आणि आत जातो, पण तळव्याच्या खाचांमध्ये वाळलेली घाण तशीच अडकलेली, तिच्या आत औषध पोचतच नाही. म्हणून आधी काडीने खरवडायचं, ब्रशने धुवायचं, मग बुडवायचं. रोज सांगून घसा बसतो तरी सांगतो.

कारण २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला, आपल्या देशात पहिल्यांदाच, आणि हजारो डुकरं गेली. माणसाला हा आजार होत नाही, पण डुकराला झाला तर उपचारच नाही. हॉटेलचं खरकटं फुकट मिळतं म्हणून आपण डुकरांना घालायला आणतो, त्यात डुकराच्या मटणाचा एखादा तुकडा असला तरी व्हायरस घरात येऊ शकतो. मी ते बंदच केलं, ज्यांना जमत नाही त्यांनी निदान अर्धा तास ढवळत खळखळून उकळा हो, नुसतं कोमट नको. नवीन पिल्लं महिनाभर लांब, त्यांची बादली वेगळी, त्यांचं काम सगळ्यात शेवटी. आणि व्यापाऱ्याची गाडी गेटबाहेरच, कितीही ओळखीचा असो, सकाळपासून किती शेड फिरून आलाय कुणास ठाऊक.