घशातली खरखर

रेकॉर्ड लावायची, बटण दाबायचं, फाइल तयार. जुन्या रेकॉर्ड डिजिटल करण्याचं काम एवढंच असतं, अशी लोकांची समजूत आहे. निम्मा वेळ धुण्यात जातो हे सांगून कुणाला पटत नाही. आणि कॅप्टन बीफहार्ट अँड द मॅजिक बँड या अमेरिकन रॉक बँडचा 'क्लिअर स्पॉट' हातात आला की धुणंही पुरत नाही. १९७२ साली हा अल्बम पुठ्ठ्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात बाजारात आला. दिसायला देखणा, पण असं प्लास्टिक वर्षानुवर्षं रेकॉर्डला चिकटून राहिलं की ते मऊ ठेवणारं रसायन सुटतं आणि रेकॉर्डवर धुरकट छटा चढते. ती पुसून जात नाही, पृष्ठभागच बिघडलेला असतो. सुई त्यावरून फिरली की गाण्याखाली एक अखंड 'सूं' ऐकू येत राहतो.

माझ्याकडे ही रेकॉर्ड एक काकू घेऊन आल्या, सोबत त्यांचा मुलगा. काका सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात शिकायला होते, येताना पेटीभर रेकॉर्ड घेऊन आले. "ताई, आवाज एकदम स्वच्छ करून द्या, बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा लावायचाय," मुलगा म्हणाला. पेटीत याच बँडची 'ट्राउट मास्क रेप्लिका'सुद्धा होती. ती मी उचलली तशा काकू म्हणाल्या, "ती नको. ती लागली की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. ही दुसरी मात्र मीच लावायला सांगायची."

काकूंचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. 'ट्राउट मास्क' १९६९चा, निर्माता फ्रँक झापा. दोन रेकॉर्डवर २८ तुकडे, प्रत्येक वाद्य आपल्याच तालात चाललंय असं वाटावं असे. आणि ते तसेच्या तसे वाजवता यावेत म्हणून ही पोरं एका घरात कित्येक महिने कोंडून तालीम करत होती. तीन वर्षांनी 'क्लिअर स्पॉट'मध्ये गायक तोच, कॅप्टन बीफहार्ट, गिटारवर तोच झूट हॉर्न रोलो, आणि पुण्यातल्या एका गृहिणीला ते पुन्हा ऐकावंसं वाटतं! फरक केला निर्माता टेड टेम्पलमनने. त्याच वर्षी त्याने डूबी ब्रदर्स या रॉक बँडचा 'तुलूज स्ट्रीट' केला होता. इथल्या 'टू मच टाइम' गाण्यात ब्रास वाद्यं आणि बायकांचा कोरस आहे, ते चक्क सोल संगीत आहे. पण 'बिग आइड बीन्स फ्रॉम व्हीनस' ऐका. गिटारी तशाच एकमेकींना छेद देतात. फक्त खाली ताल पक्का आहे, म्हणून पाय सुटत नाही. लोक या अल्बमला तडजोड म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही.

त्या गाण्यावर मी फार वेळ घालवला. मध्येच गायक गिटारवाल्याला नावाने हाक मारून एक लांब सूर मागतो, आणि तो सूर नेमका दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे, लेबलाजवळ येतो. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरेच मारते, पण कडेला एका फेऱ्यात सुई जेवढं अंतर कापते त्याच्या निम्म्याहून कमी अंतर आत कापते. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, साधी सुई तिथे फाटका आवाज देते. मी बारीक टोकाची सुई लावली, सुई जिच्यात बसते त्या कार्ट्रिजचा कोन पुन्हा जुळवला, तेव्हा कुठे तो सूर अखंड आला.

मग टकटक काढणं. सॉफ्टवेअरला अचानक उठलेला कुठलाही टोकदार आवाज ओरखडाच वाटतो. बँडचा ड्रमर आर्ट ट्रिप याच्या काठ्यांचा घाव त्याने बोथट केला, म्हणून सगळं हाताने, एकेक ओरखडा शोधून काढलं. या धंद्यात बरेच जण सगळं 'ऑटो'वर सोडतात आणि वर रीमास्टर केल्याचे पैसे घेतात, त्याचा मला संताप येतो.

नमुना पाठवला तर मुलाचा फोन. "ताई, गाणाऱ्याच्या आवाजातली खरखर तशीच राहिलीय."

"ती रेकॉर्डची नाही हो, त्याच्या घशातली आहे. हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाला ऐकून ऐकून आलेली."

"थोडी कमी नाही का करता येणार?"

येते. तिथेच सगळी अडचण आहे. रेकॉर्डचा 'सूं' आणि गळ्यातली खरखर दोन्ही आवाजाच्या एकाच पट्ट्यात, म्हणजे त्याच उंचीच्या सुरांत बसतात. 'माय हेड इज माय ओन्ली हाऊस अनलेस इट रेन्स' हे हळुवार गाणं मी पूर्ण साफ करून पाहिलं. 'सूं' गेला, आणि त्याबरोबर श्वासही गेला. कुणीतरी गुळगुळीत माणूस गातोय असं वाटायला लागलं. मी 'सूं' ठेवला आणि तसं मुलाला स्पष्ट सांगितलं. तो नाराज झाला. पैसे त्याचे, हट्ट माझा, हे बरोबर की चूक, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. काकूंना फाइल ऐकवली तेव्हा त्यांनी 'सूं'बद्दल चकार शब्द काढला नाही. "आवाज जरा मोठा करा," एवढंच म्हणाल्या.

मुलगा पुन्हा आला तर मी त्याला याच बँडचा १९७४चा 'अनकंडिशनली गॅरंटीड' ऐकवणार आहे. त्यात खरंच सगळं घासूनपुसून साफ केलं होतं, आणि त्यानंतर लगेच अख्खा बँड गायकाला सोडून गेला.