जिताड्यासाठी ल्यूर कुठे आणि कसा टाकावा

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहून खाडीतल्या जिताडा माशाविषयी लिहितो आहे, कारण गळाचा नाद असलेल्या इथल्या मराठी मित्रांचा प्रश्न नेहमी हाच असतो, की त्याच्यासाठी ल्यूर (गळाचे नकली आमिष) कुठे आणि कसा टाकावा. जिताडा भक्ष्याचा लांबवर पाठलाग सहसा करत नाही. तो धक्क्याच्या खांबांच्या सावलीत किंवा तिवरांच्या मुळांशी दबा धरून बसतो, आणि ओहोटी लागली की लहान नाळ्यांतून बाहेर ओढली जाणारी कोळंबी व बोयटांची पिले जिथे मोठ्या पाण्याला मिळतात, त्या तोंडाशीच थांबतो. म्हणून ल्यूर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून पाण्याबरोबर त्या तोंडाकडे येऊ द्यावा, दोन हलके हिसके द्यावेत आणि मग हात पूर्ण थांबवावा. झडप बहुधा याच विरामात बसते. खंबायतच्या आखातासारख्या गढूळ पाण्यात मला थरथरत्या शेपटीचा रबरी ल्यूरच भरवशाचा वाटतो, कारण तिथे नजरेपेक्षा पाण्यातली कंपने माशाला लवकर कळतात. कल्ल्यांच्या झाकणांची धार दोरी कापते, तेव्हा टोकाला जाड लीडर, म्हणजे दोरी आणि ल्यूर यांच्यामधला मजबूत दोरीचा तुकडा, हवाच. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे फार मोठा मासा, म्हणजे बहुधा अंडी देणारी मादी, लागला, तर त्याला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवावा आणि जाऊ द्यावे, असा माझा आग्रह आहे.