पणजीचा ३१ जानेवारी रस्ता, झऱ्यापासून टपाल कचेरीपर्यंत

पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरलं की रिक्षावाले 'फोंतेन्हास, फोंतेन्हास' (पोर्तुगीज काळातल्या घरांची जुनी वस्ती) करत मागे लागतात. रिक्षा करू नये. पाटोकडून खाडी ओलांडायची की समोर अल्तिन्होची टेकडी, पायथ्याशी रंगीत घरांची रांग. बहुतेक लोक इथून उजवीकडे, उत्तरेला, वळतात आणि कॅमेरा काढतात. मी डावीकडे वळायला सांगेन, मळा नावाच्या वस्तीच्या बाजूला, कारण या वस्तीतून जाणारा ३१ जानेवारी रस्ता तिथूनच कळतो.

मळ्यात मारुतीच्या देवळाखाली, टेकडीच्या पायथ्याशी झरा आहे, 'फोंत फेनिक्स'. फोंत म्हणजे झरा, आणि फोंतेन्हास हे नाव त्याच शब्दावरून आलं. झरा पाहून झाला की पायऱ्यांनी देवळापर्यंत जाऊन यावं. वरून जमिनीची ठेवण एका नजरेत येते: पश्चिमेला टेकडी, पूर्वेला खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीत टेकडीच्या कडेकडेने उत्तरेला जाणारा रस्ता. (फेब्रुवारीच्या आसपास मारुतीची जत्रा असते. मळा त्या दिवसांत खाजा-लाडवांच्या दुकानांनी गजबजलेला असतो, पण जुनी घरं पाहायला ते दिवस नकोत.)

१८व्या शतकाच्या उत्तरार्धात या पट्टीत माडांची बाग होती. मालक आंतोनियो जुआंव द सिकेर, मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेला गोंयकार, त्यामुळे लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. तेव्हा पणजी म्हणजे दलदल आणि चार घरं. रोगराईने जुनं गोवें, तेव्हाची राजधानी, ओस पडत गेलं, १७५९मध्ये व्हिसेरेईने (पोर्तुगीज व्हाइसरॉयने) आपलं बिऱ्हाड पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवलं आणि त्याच्यामागून कारकून, शिपाई, व्यापारी आले. १८२६ ते १८३५ या काळात दों मानुएल द पुर्तुगाल ई काश्त्रू या गव्हर्नराने दलदली बुजवून रस्ते आखले. १८४३मध्ये 'नोव्हा गोवा' या नावाने पणजी रीतसर राजधानी झाली. मोसमीकाराच्या माडांच्या जागी घरं उभी राहिली ती या कारकून-व्यापाऱ्यांसाठी.

आता घरांकडे पाहू. भिंती चिऱ्याच्या. चिरा छिद्रांचा दगड, पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. म्हणून जुने गवंडी त्याला चुन्याचा गिलावा देत आणि वर चुन्यातच कालवलेला रंग लावत: काव, पिवळी माती, नीळ. निळी-पिवळी-तांबडी घरं दिसतात ती त्या तीन रंगांची पुण्याई. दरवर्षी पावसानंतर नवा हात मारावा लागे, ते कंटाळवाणं आणि खर्चिक. मग कुणीतरी सिमेंटचा गिलावा करतो, वर प्लॅस्टिक पेंट चढवतो. चिऱ्यात शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट उरत नाही, दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. रस्त्यावरून चालताना भिंतीचा खालचा हातभर भाग बघत जा. कुठल्या घराला चुना आहे आणि कुठल्याला सिमेंट, हे तिथेच कळतं.

ओल फक्त वरून येत नाही. टेकडीवरचं पावसाचं पाणी खाडीला मिळायचं तर या रस्त्याला आडवं जावं लागतं. भरतीला खाडीची पातळी वर असते, गटारांची तोंडं बुडतात आणि पाणी मागे तुंबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुसळधार पाऊस जुळला की संपलंच. जुनी घरं जोत्यावर बांधलेली आहेत ती याचसाठी. पण रस्त्यावर डांबराचा थर चढत गेला की जोतं तेवढंच खाली जातं. जुलैत यायचं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीची वेळ धरावी.

मध्ये सांत सेबास्तियांवचं कपेल (छोटं चर्च) लागतं, रस्त्यापासून जरा आत. आतला क्रूस चुकवू नका. तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. १८१२मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या वाड्यात आला आणि १९१८मध्ये इथे. क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे सहसा मिटलेले असतात, याचे उघडे आहेत. कपेल एरवी बरेचदा बंद असतं, मिसेची (प्रार्थनेची) वेळ गाठावी आणि मिसा संपेपर्यंत फोटो काढू नयेत.

फोटोंचंच निघालं म्हणून: या घरांत माणसं राहतात. 'शूटिंग करू नये' अशा पाट्या लावायची पाळी त्यांच्यावर आली आहे. सकाळी सात ते नऊ बरं. पूर्वेचं ऊन थेट दर्शनी भिंतींवर पडतं, पोदेर (पाववाला) सायकलवर भोंगा वाजवत पोळी-उंडे हे पाव विकत फिरत असतो आणि लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी अजून उठलेली नसतात. दुपारनंतर टेकडीची सावली लवकर उतरते, रंग मरतात.

आणि रस्त्याच्या नावाचं. गाईड हमखास सांगतात की ३१ जानेवारीला पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला. तो दिवस १ डिसेंबर १६४०, जानेवारीशी त्याचा संबंध नाही. ३१ जानेवारी १८९१ रोजी पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला, तो काही तासांतच मोडला गेला. प्रजासत्ताक आलं ते १९१०मध्ये, आणि मग त्या फसलेल्या उठावाची तारीख सन्मानाने रस्त्यांना मिळाली. खुद्द पोर्तूतल्या रुआ द सांतु आंतोनियोचं नाव असंच बदललं. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले तेही याच प्रजासत्ताकामुळे, तेव्हा ही तारीख आपल्याला अगदीच परकी नाही.

उत्तरेकडे सां तोमे भागात रस्ता संपतो. तिथली टपाल कचेरी म्हणजे जुनं तंबाखूचं ठाणं, जवळच १८३४ ते १८४१ नाणी पाडणारी टांकसाळ. तिथून पश्चिमेला पंधराएक मिनिटं चाललं की १८ जून रस्ता, पणजीची बाजारपेठ. ती तारीख १९४६ची, राममनोहर लोहियांच्या पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या सभेची. सभा मडगावला झाली होती.