तुम्ही विचारलंत म्हणून: कड नेमकी कोणाची बरोबर?

नागपुरात कर्करोगाच्या रेडिएशन उपचारांच्या प्लॅनिंगचे काम करते असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एकाच सीटीवर दोन डॉक्टरांनी एकाच अवयवाची कड वेगवेगळी आखली, तर बरोबर कोणाची?

ताडून पाहायला खरी कड कोणाकडेच नसते, म्हणून आम्ही चूक न मोजता फरक मोजतो. त्यासाठी नेहमी वापरला जाणारा आकडा म्हणजे डाइस गुणांक: दोन्ही आकृत्यांच्या सामाईक भागाची दुप्पट, भागिले दोघींच्या आकारमानांची बेरीज. तंतोतंत जुळल्या तर 1, अजिबात न जुळल्या तर 0. (ली डाइस यांनी 1945 मध्ये तो मांडला तो मात्र सजीवांच्या दोन जाती किती वेळा एकत्र आढळतात, हे पाहण्यासाठी.)

हा आकडा दिसतो तितका सरळ नाही. 7 सेंमी व्यासाच्या संत्र्याची कड दुसऱ्याने सगळीकडून 1 मिमी आत घेतली, तर गुणांक 0.96 येतो, 1 सेंमीच्या बोराला तेवढेच आत घेतले, तर 0.68. हात दोन्हीकडे सारखाच चुकला, तरी लहान अवयव आखणारा उगाच बदनाम होतो. म्हणून जोडीला हाउसडॉर्फ अंतर पाहतो, म्हणजे दोन कडा एकमेकींपासून जास्तीत जास्त किती लांब जातात ते. पण भरकटलेल्या एका क्लिकनेही ते फुगते, त्यामुळे टोकाची 5 टक्के अंतरे सोडून देण्याची पद्धत आहे.

आमच्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणारे, तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. अशाच एकाच्या चांदी भरलेल्या दाढांमुळे सीटीवर पांढरे-काळे पट्टे उमटले होते आणि कानाजवळची लाळग्रंथी दोघांनी आपापल्या अंदाजाने आखली. गुणांक चांगला आला, परंतु सगळा फरक ग्रंथीच्या आतल्या, गाठीकडच्या अंगाला साचला होता, जिथे रेडिएशनचा डोस काही मिलिमीटरांत झपाट्याने उतरतो. या ग्रंथीचा सरासरी डोस 26 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचे एकक) आत ठेवण्याचा आमचा प्रयत्न असतो. प्लॅन तोच असताना एका आखणीने तो आत बसत होता, दुसरीने बाहेर जात होता.

मग दोघे एकाच पडद्यासमोर, एकच विंडो (चित्राच्या उजेड-काळोखाची मांडणी) लावून बसले. आतली कड जुळली. सीटीची सर्वांत वरची एक स्लाइस, म्हणजे आडवा काप, ग्रंथीत घ्यायची की सोडायची यावर मात्र एकमत झाले नाही, आणि मी ते तसेच नोंदवून ठेवले.